घरी केलेला बोर्डगेम छापून दुकानापर्यंत नेताना: 'सार्थवाह'चे अनुभव

सोंगटी

आमचा 'सार्थवाह' हजार प्रतींत छापून झाला. तेव्हापासून या मंचावरच्या बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की घरच्या ड्रॉइंगपेपरवरून खोक्यापर्यंत नेमकं काय काय करावं लागतं. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: विषय सातवाहनकाळातला व्यापार. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत माल उतरतो. तो बैलांवर लादून नाणेघाट चढवायचा, जुन्नर गाठायचं आणि पुढे पैठण किंवा तेरपर्यंत पोचवून विकायचा. घाटात जकात भरावी लागते आणि तिचा दर तुमच्या आधी घाट चढलेला खेळाडू ठरवतो. दोन ते चार खेळाडू, साधारण दीड तास, किंमत बाराशे रुपये.

मला सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगायची आहे. खेळ आधी पूर्ण करायचा आणि मग छापखान्यात द्यायचा, असा क्रम लावू नका. खेळाची जुळवाजुळव चालू असतानाच छापणाऱ्याला आणि बाइंडरला भेटा. पत्ते किती, पट केवढा, खोकं केवढं या गोष्टी खेळाच्या रचनेत मोडतात, आणि त्यांची उत्तरं मशीनवर मिळतात.

उदाहरण देते. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा धरा. कापताना कडेला पांढरी रेघ येऊ नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (मापाबाहेरची जास्तीची छपाई) सोडलं की तो ६९ बाय ९४ होतो. १८ बाय २५ इंची शीटवर ग्रिपरची (मशीन कागद पकडतं त्या कडेची) जागा सोडून असे ३६ पत्ते बसतात. आमच्या खेळात ६० पत्ते होते. म्हणजे दोन शीटं लागणार आणि दुसऱ्या शीटवर बारा जागा कोऱ्या जाणार, त्याही पूर्ण पैसे मोजून. प्लेट, शाई, लॅमिनेशन, पंचिंग सगळं तेच. त्या बारा जागांचं काय करता येईल यावर आम्ही पुन्हा टेबलावर बसलो. चार जागांवर प्रत्येक खेळाडूसाठी एक मदतपत्ता केला, त्यावर आपल्या पाळीत काय काय करता येतं ते लिहिलं. उरलेल्या आठांवर पावसाळ्याचे पत्ते आले, ज्यांत घाट बंद पडतो आणि बंदरात माल साठत राहतो. आज खेळणारे लोक सगळ्यात जास्त बोलतात ते याच आठ पत्त्यांबद्दल. शीट वेगळ्या मापाचं असेल तर आकडा बदलेल, म्हणून आपल्या छापखान्याचं मशीन कोणतं शीट घेतं ते पहिल्याच भेटीत विचारा.

दुसरं, पत्त्याच्या पाठीला चौकट देऊ नका. मागची आणि पुढची छपाई मिलिमीटरभर इकडेतिकडे होतेच. पाठीवर चौकट असली की एका बाजूची पट्टी जाड आणि दुसरीकडची बारीक दिसते. मग तो पत्ता गड्डीत ओळखू येतो आणि खेळातला गुपितपणा जातो. पाठ कडेपर्यंत एकसलग नक्षीची ठेवा. आमच्या पाठीवर नाणेघाटातल्या लेण्यातले ब्राह्मी अंक आहेत. आधी ते पुढच्या बाजूला देवनागरी आकड्यांशेजारी होते, पण चाचणीत लोक दोन्ही आकडे वाचायला बघायचे आणि हिशोबात अडखळायचे. पाठीवर नेल्यावर ते शोभेचं काम चोख करतात.

नियमपुस्तकाबद्दल खरं तर वेगळा धागा लागेल. थोडक्यात इतकंच, की खेळ बनवणारी व्यक्ती खोलीत असेल तर ती चाचणी नियमांची होत नाही. तुम्ही नकळत भुवया उंचावता, कुणीतरी विचारतं आणि तुम्ही उत्तर देता. खोकं अनोळखी घरी पाठवा, फोन करू नका म्हणून सांगा, आणि खेळतानाचं चित्रीकरण मागवा. कुठे पानं मागेपुढे उलटली जातात ते बघा, पुस्तक तिथे दुरुस्त करायचं. चित्रीकरण बघताना माझ्या लक्षात आलं की बहुतेक घरांत एकच माणूस नियम वाचतो आणि बाकीच्यांना सांगतो. म्हणून आमच्या पुस्तकाचं पहिलं पान त्या सांगणाऱ्यासाठी आहे. टेबलावर काय मांडायचं आणि कोणत्या क्रमाने समजावायचं, एवढंच त्यात आहे. बरोबरी झाली तर काय, गड्डी संपली तर काय, पैसे नसताना जकात आली तर काय, हे प्रश्न शेवटच्या पानावर एकत्र दिले आहेत. भांडण होतं तेव्हा लोक तेच पान उघडतात.

अर्धा_डाव

खूप छान लिहिलंय. मी गावच्या जत्रेवर खेळ करतोय, अजून हाताने रंगवलेल्या अवस्थेत आहे. पटाबद्दल सांगा ना. जाड पुठ्ठ्यावर प्रिंट चिकटवून बघितली, दोन दिवसांत सगळा पट वाडग्यासारखा वाकला.

सोंगटी

याचं उत्तर माझ्यापेक्षा पुठ्ठेवाला चांगलं देतील. आमच्या पटाच्या वेळी त्यांनीच इथे सल्ला दिला होता. दादा, आहात का?

पुठ्ठेवाला

आहे. बाइंडिंगचं काम आमच्या घरात वडिलांपासून चालू आहे, त्यातलं सांगतो.

अर्धा_डाव, तुम्ही पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला असणार. ओल्या खळीने कागद फुगतो आणि वाळताना आवळतो. आवळताना तो पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. उपाय एकच, मागच्या बाजूलाही अस्तराचा कागद लावायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी राहते. अस्तर साधारण त्याच वजनाचं हवं. पुढे लॅमिनेशन केलेला जाड आर्ट पेपर आणि मागे पातळ कागद लावलात तर तो तरीही वाकेल.

दुसरी गोष्ट कागदाच्या ग्रेनची. कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेला त्याचे तंतू पडतात. ओल लागली की कागद तंतूंना आडवा फुगतो, लांबीत फारसा वाढत नाही. पुठ्ठा, वरचा कागद आणि अस्तर या तिघांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा. ओळखायचा कसा? कागदाचा तुकडा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, ग्रेन त्या घडीला समांतर असतो.

पटासाठी दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड पुरतो. चार घड्यांचा पट म्हणजे दुमडल्यावर आठ मिलिमीटर, वर कागद आणि सांध्याची जागा. खोक्याची उंची धरताना हे लोक विसरतात आणि मग झाकण बसत नाही. सांध्याला पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत फट ठेवावी लागते. ती कमी पडली तर पट सपाट उघडत नाही, जास्त झाली तर मधोमध खड्डा दिसतो. म्हणून आधी कोऱ्या पुठ्ठ्याचा एक नमुना बनवून घ्या, पन्नास वेळा उघडमीट करा आणि मगच मापं पक्की करा.

आणि कृपा करून जुलै-ऑगस्टमध्ये पेस्टिंग काढू नका. कोकणात तर नाहीच. हवेत एवढी ओल असते की माल वजनाखाली ठेवूनही आतून वाळत नाही. वरून कोरडा लागतो, खोक्यात भरतो, आणि दिवाळीत उघडला की बुरशीचा वास येतो. फेब्रुवारी ते मे हा या कामाचा हंगाम. लग्नपत्रिका आणि वह्यांची गर्दी असते, पण आधी सांगून ठेवलं तर जागा मिळते.

पत्त्यांचंही तेच. लॅमिनेशन एका बाजूला केलं तर पत्ता गोल होणार. दोन्ही बाजूंना करा. मॅट हातात चांगलं वाटतं, पण गडद रंगांवर नखाचे ओरखडे दिसतात. पत्ते सारखे पिसले जाणार असतील तर पाठीला फार गडद रंग नको.

कृष्णाकाठ

पुठ्ठेवाला, ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळत नाही. धन्यवाद.

सोंगटीताई, पैशांचं बोलाल का? हजार प्रती म्हणजे किती गुंतवणूक, आणि किंमत बाराशे का? माझ्या मुलाच्या मित्रांना 'व्यापार' दोन-तीनशेत मिळतो, ते विचारतात की हा एवढा महाग कसा.

सोंगटी

आमचे खरे आकडे छापखान्याशी झालेल्या बोलण्यातले आहेत, ते उघड करत नाही. पण हिशोबाची रीत सांगते, आकडे समजुतीपुरते धरा.

समजा एक खोकं तयार होऊन तुमच्या दारात ३५० रुपयांना पडलं. छापील किंमत ८०० ठेवलीत. जीएसटी ५ टक्के धरला (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी बोर्डगेमवर १२ टक्के होता), तर करापूर्वीची किंमत साधारण ७६२. दुकानदाराचा वाटा ४० टक्के धरला तर ३०५ गेले, उरले ४५७. त्यातून खोक्याचे ३५० आणि वाहतूक, आपटून खराब होणाऱ्या प्रती यांचे ८० वजा केले की हातात २७ रुपये राहतात. चित्रकाराचं मानधन, चाचणीसाठी छापलेले नमुने आणि पुढची आवृत्ती त्या २७ रुपयांत होणार नाही. तीच किंमत १२०० ठेवली तर करापूर्वी ११४३, दुकानदाराचे ४५७, उरले ६८६, खर्च जाऊन २५६. एवढ्यात दुसरी आवृत्ती निघू शकते.

दोन-तीनशेत मिळणारे खेळ फार मोठ्या संख्येने निघतात, साचे आणि प्लेटा कधीच्या वसूल झालेल्या असतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, मशीन लावण्याचा खर्च पाचशे प्रतींना आणि पाच हजार प्रतींना जवळपास तोच. म्हणून संख्या वाढली की एका प्रतीचा खर्च झपाट्याने उतरतो. पण त्या मोहाने पाच हजार छापू नका. घरात रचलेली खोकी म्हणजे अडकलेला पैसा आणि ओलीची भीती. पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई करा. प्रत महाग पडेल, पण खेळ अनोळखी लोकांच्या हातात जाईल.

कुरियरचाही विचार खोकं ठरवतानाच करा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते वजन व प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. बाहेरच्या पॅकिंगसकट ३२ बाय ३२ बाय ९ चं खोकं १.८४ किलोचं धरलं जातं, आत अर्धी हवा असली तरी. २७ बाय २० बाय ७ चं खोकं ०.७६ किलोचं. आमचा पट आधी चौरस होता. तो ४८ बाय ३४ सेंटिमीटरचा आयताकृती केला, चार घड्यांत २४ बाय १७ होतो आणि लहान खोक्यात बसतो. कोकणपट्टीपासून तेरपर्यंतचा नकाशा तसाही आडवा पसरलेला आहे, त्याला हा आकार जास्त शोभतो.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत असतो. इथे एसेन शहरात १९८३ पासून खेळांचा मोठा मेळा भरतो, बहुधा ऑक्टोबरात. तिथली एक गोष्ट आपल्याकडे यावी असं मनापासून वाटतं, ती म्हणजे खोक्यावर खेळ बनवणाऱ्याचं नाव. आज इथे ते सहज दिसतं, पण ते आपोआप आलं नाही. १९८८ साली न्यूर्नबर्गच्या खेळणी मेळ्यात काही खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या की खोक्यावर नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. 'कॅटन' हा बोर्डगेम करणारे क्लाउस टॉयबर हे पेशाने दंततंत्रज्ञ होते. १९९५ साली तो खेळ आला आणि त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते खोक्यावरूनच.

'सार्थवाह'च्या झाकणावर तुमचं आणि चित्रकाराचं नाव दिसलं, फार बरं वाटलं.

सोंगटी

चित्रकाराचं नाव झाकणावर घालायचं हे आम्ही करारातच लिहिलं होतं. चित्रांचे हक्क कुणाकडे, दुसऱ्या आवृत्तीत किती मानधन, चित्र टी-शर्टवर किंवा पोस्टरवर वापरलं तर काय, हे सगळं कागदावर असू द्या. मित्र असला तरी, किंबहुना मित्र असेल तर नक्कीच.

चिंचोके

कुणी आपला खेळ चोरला तर? पेटंट घेता येतं का?

कायदेपान

चिंचोके, भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३(एम) आहे, त्यानुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. खेळाची मूळ कल्पनाही कॉपीराइटमध्ये येत नाही. नियमपुस्तकातलं तुमचं लेखन, चित्रं, पटाची आणि पत्त्यांची मांडणी यांना मात्र संरक्षण आहे. नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्कची नोंदणी करा, खेळ आणि खेळणी २८व्या वर्गात येतात. त्यामुळे कल्पना लपवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही, जितक्या लोकांसोबत खेळाल तितका फायदा.

याहून महत्त्वाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी असलेल्या वस्तूला आयएस ९८७३ या भारतीय मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह लागतं. परवाना उत्पादन करणाऱ्या कारखान्याच्या नावे मिळतो, त्यामुळे साध्या छापखान्यातून मुलांचा खेळ छापून घेतला आणि विकला असं चालत नाही. खोक्यावर १४+ छापलं की सुटलो, असं काही जण समजतात. व्याख्येत 'केवळ मुलांसाठी असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द आहेत, म्हणजे वस्तू मुळात कुणासाठी दिसते हे पाहिलं जाईल. कार्टूनची चित्रं आणि साधी सोंगटी-फाशाची चाल असलेल्या खेळावर १४+ लिहून भागणार नाही. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे. आपल्या खेळाला काय लागू होतं ते छपाईआधी जाणकाराकडून लेखी घ्या.

खोक्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, आत किती नग आणि तक्रारीसाठी संपर्क हे वैधमापन नियमांप्रमाणे लागतं. चित्रकाराला झाकणाच्या मागे त्यासाठी जागा सोडायला आधीच सांगा.

सोंगटी

मनापासून आभार, हे मूळ लेखात यायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. 'सार्थवाह'चा हिशोब मोठ्यांच्या डोक्याला ताण देणारा आहे आणि आम्ही तो मोठ्यांसाठीच मांडला आहे, तरीही सल्ला लेखी घेऊनच पुढे गेलो.

बाकावरून

मी शाळेत इतिहास शिकवते. खेळ खेळले, विषय सुंदर हाताळला आहे. जकातीचा दर दुसऱ्याच्या हातात असला की व्यापारी काय करतो, हे मुलांना पुस्तकातून समजावणं अवघड जातं, इथे ते आपोआप कळतं. पण माझं स्पष्ट मत आहे की बाराशे रुपयांचा खेळ मराठी शाळेपर्यंत पोचणार नाही. वर्गासाठी सहा खोकी लागतील, शाळा ती घेणार नाही. मग हे सगळं कुणासाठी?

आणखी एक. माझ्या वर्गातल्या एका मुलाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. मालाचे रंग त्याला ओळखता येतील का?

सोंगटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, येतील. हा त्रास मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतो, म्हणून प्रत्येक मालाला रंगासोबत वेगळं चिन्ह आहे: मिठाला ढीग, कापडाला घडी, मद्याला दोन कानांचा कुंभ. लाकडी ठोकळ्यांचे आकारही वेगळे आहेत. कुणालाही हे तपासायचं असेल तर सगळे पत्ते करड्या छटांत छापून खेळून बघा.

पहिला प्रश्न मला पटतो आणि त्याने झोपही उडते. किंमत कमी करायची तर पुठ्ठा पातळ करावा लागेल, लाकडाऐवजी कागदी चकत्या द्याव्या लागतील, आणि मराठीतला खेळ म्हणजे हलका माल हा समज आणखी पक्का होईल. ते मला नको आहे. घरात वीस वर्षं टिकेल असा खेळ आपल्या भाषेत असावा हाच तर माझा हट्ट आहे. शाळेसाठी मला वेगळा रस्ता योग्य वाटतो: घरी छापून घ्यायची काळी-पांढरी आवृत्ती, ए-फोर कागदावर, मोफत. लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, खडे, बटणं चालतील.

चिंचोके

माझं नाव घेतल्याबद्दल आभार :) लाकडी ठोकळे कुठून केले?

सोंगटी

आमचे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांकडून. काळ्या कुड्याचं मऊ लाकूड, लेथवर फिरवतानाच लाखेचा रंग चढवतात. प्लास्टिकच्या साच्याचा खर्च हजार प्रतींवर वाटला तर तो फार जड जातो, लाकडाला साचाच लागत नाही. एक लक्षात ठेवा, हाताने केलेला ठोकळा थोडा लहानमोठा असतो. खोक्यातले कप्पे अगदी घट्ट मापाचे करू नका. आपल्या सावंतवाडीतही लाकडी काम आणि गंजिफा दोन्ही आहेत. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते हाताने रंगवतात ते एकदा जाऊन बघाच, पत्त्याची चौकट आणि पाठ यांबद्दल पुष्कळ शिकायला मिळतं.

अर्धा_डाव

शेवटचा प्रश्न. छापखान्यातून आलेल्या प्रुफात जोडाक्षरं सुटी पडतात, ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर जातो. माझ्या संगणकावर सगळं बरोबर दिसतं.

सोंगटी

तिथला संगणक तुमचा फाँट उघडू शकत नाही किंवा सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी चालू नाही. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. छापायला देताना सगळा मजकूर कर्व्ह करून पीडीएफ द्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि काही हलत नाही. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि कर्व्ह केलेली पीडीएफ पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाचा, शक्यतो खेळ माहीत नसलेल्या माणसाकडून. फाँटचा परवानाही बघा. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, विकायच्या वस्तूवर चालतात, आणि 'मुक्त' लहान आकारातही नीट वाचता येतो.

छपाईच्या दिवशी मशीनपाशी हजर राहा. पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग वेगळा असतोच. पहिली शीटं निघाली की दिवसाच्या उजेडात नेऊन बघा, पटल्यावर एका शीटवर सही करून ते मशीनवाल्याकडे ठेवा, पुढचा रंग त्याच्याशी जुळवतात.

बाकावरून

ए-फोर आवृत्ती खरंच काढणार असाल तर मी माझ्या वर्गात खेळवून बघायला तयार आहे. सहामाही परीक्षा संपली की दोन तास मिळतील.

सोंगटी

नक्की. फाइल परीक्षेआधी इथेच टाकते. तासिका छोटी असते म्हणून वर्गासाठी बाजार पैठणलाच संपवायचा विचार आहे, तेरचा टप्पा वगळून. चारऐवजी सहाजणांचे गट करावे लागतील असं वाटतं, मग दोघांचा मिळून एक व्यापारी करू. तुमच्या वर्गात मुलं किती आहेत आणि बाकं हलवता येतात का, तेवढं कळवा, त्याप्रमाणे पटाचं माप ठरवते.